फेब्रुवारीत स्पितीला ड्रोन नेतोय, बॅटरी अचानक उतरते आणि गिंबल थरथरतो, काय करावं?

उडता_कावळा (नाशिक)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं स्पितीला चाललोय, शिमला-किन्नौरकडूनच, कारण मनालीकडची कुंझुम खिंड तेव्हा बंदच असते. मुक्काम काझाला आणि मग किब्बर, चिचम. डिसेंबरात चितकुलला जे झालं त्याच्यामुळे आधीच विचारून घेतोय.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, नेहमीचा फोल्डिंगवाला. बॅटरी रात्री फुल करून बॅगेत, बॅग रात्रभर गाडीत. सकाळी ऊन यायच्या आधी उडवला, उणे आठ-दहा असेल. बास्पा नदीवर मस्त चालला होता, स्क्रीनवर ५८ टक्के, परत आणायला म्हणून स्टिक जरा जोरात ढकलली तर डायरेक्ट लो बॅटरीची बोंब आणि स्वतःच खाली उतरायला लागला, काठावरच्या बर्फात जाऊन बसला. दोन प्रॉप (पाती) गेले, पुढच्या डाव्या आर्मला (मोटर धरणाऱ्या दांड्याला) बिजागरीपाशी बारीक तडा, आणि तेव्हापासून सुरू करताना गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) थरथरतो आणि मोटर ओव्हरलोडचा मेसेज येतो. गंमत म्हणजे नाशिकला दुपारी बहुतेक वेळा नीट चालतो, पहाटे गच्चीवर नेला की परत नाटकं.

तर बॅटरी नेमकी कशी सांभाळायची, तड्याला फेविक्विक किंवा एपॉक्सी चालेल का, आणि तिथे काही तुटलं तर जागेवर काय काय करता येतं? सोबत छोटी सोल्डरिंग गन घेऊ का? ज्यांनी खरंच थंडीत उडवलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवरचे टॉप टेन टिप्सवाले बघून झालेत.

बुधवारातला_सोल्डर (पुणे)

कावळेभाऊ, तुमचं गिंबलचं लक्षण वाचूनच सांगतो, गरम असताना चालतो आणि गार झाला की रडतो म्हणजे बहुतेक फ्लेक्स. गिंबलमधून जी चपटी पट्टी कॅमेऱ्याकडे जाते तिच्यात कुठेतरी केसाएवढी चीर असणार. थंडीत ती पट्टी कडक होते, वाकायला विरोध करते, चीर उघडते. मोटरला वाटतं कोणीतरी हाताने धरलंय, म्हणून ओव्हरलोड. दुसरी शक्यता, बर्फ आत गेला, गाडीच्या हीटरमध्ये वितळला आणि कनेक्टरवर ओल राहिली.

तपासायचं असं. पॉवर बंद ठेवून बोटाने गिंबल हळूच तिन्ही दिशांना फिरवा. कुठे अडकत असेल, घासत असेल तर दांडी वाकलीय, मग नुसती पट्टी बदलून उपयोग नाही. सगळीकडे मोकळा फिरतोय पण चालू केल्यावर थरथरतो, तर पट्टी. पट्टी बदलणं जमण्यासारखं काम आहे पण घाईचं नाही, प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असते, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर खालचा बोर्ड फोडतो. कागदावर ड्रोनचं चित्र काढून स्क्रू जिथला तिथे चिकटटेपने लावत जा. झाल्यावर गिंबल कॅलिब्रेशन, सपाट टेबलावर.

आता आर्म. बिजागरीपाशी तडा आहे तर चिकटवू नका, स्पष्ट सांगतो. तिथे सगळा जोर येतो आणि त्याच पोकळीतून मोटरच्या तीन वायरी जातात. चिकटवलेला आर्म जरा जरी लवचिक राहिला तरी कंपनं वाढतात, व्हिडिओत जेली दिसते (चित्र लाटांसारखं हलतं), आणि उणे पंधरात प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तो नेमका तिथेच मोडणार. आर्म मोटरसकट मिळतो, तोच घ्या. जुन्या वायरी काढायच्या आधी फोटो काढा. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि ड्रोन जागच्या जागी कोलांटी मारतो, माझ्याकडे येणाऱ्या 'घरी आर्म बदलला' केसेसमध्ये हे फार. काही मॉडेलमध्ये अँटेना पुढच्याच पायात असते, तिची बारीक वायर ओढून तोडू नका. सोल्डरचा डाग (जोड) चकचकीत आणि गोल आला पाहिजे, मळकट ढेकूळ आलं तर परत गरम करा. सगळं झाल्यावर प्रॉप न लावता चारही मोटरी फिरवून दिशा बघा, मग घरी दोन-तीन बॅटऱ्या उडवा, तीही पहाटेच्या गारठ्यात.

शटर_शिंदे (सातारा)

एवढं घाबरायचं कारण नाही राव. मी गुलमर्गला जानेवारीत प्री-वेडिंग केलंय, बॅटरी बॅगेतूनच काढायचो, स्पोर्ट मोडमध्ये सुद्धा उडवला. काही झालं नाही. फक्त शंभरच्या ऐवजी सत्तर टक्केच वेळ मिळतो असं धरून चालायचं. फेविक्विक आणि वर बेकिंग सोडा टाकला की दगड होतो, कितीतरी ड्रोन त्याच्यावर चालतायत.

बर्फातली_मावशी (औलू, फिनलंड)

शिंदे, गुलमर्गची बॅग हॉटेलच्या रूममध्ये असेल रात्रभर, यांची गाडीत होती. फरक तिथेच आहे. सत्तर टक्के वेळ धरून चाला हा हिशोबच फसवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थंडीने बॅटरीतली ऊर्जा उडून जात नाही, ती बाहेर यायला तयार नसते. आतलं इलेक्ट्रोलाइट दाटतं, आयन हळू सरकतात, सेलचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे पण नळ अर्धा गोठलाय असं समजा. हळूहळू घेतलं तर मिळतं, एकदम मागितलं की दाब पडतो. कावळ्याने स्टिक ढकलली, चारही मोटरींनी एकदम करंट मागितला, व्होल्टेज खाली कोसळलं आणि ड्रोनने ते बघून लँडिंग सुरू केलं. ५८ टक्के तेव्हाही खरेच होते. म्हणून थंडीत टक्के कमी आणि व्होल्टेज जास्त बघायचं. बहुतेक अ‍ॅपमध्ये बॅटरीच्या पानावर प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि तापमान दिसतं. हॉवर करताना (हवेत एका जागी थांबवून) एक आकडा बघा, मग थोडी स्टिक देऊन बघा. ३.७ वरून ३.३ कडे धावत असेल तर खाली घ्या, टक्के काहीही म्हणोत.

उपाय एकच, बॅटरी गरम असताना उडवायची. वीस डिग्रीच्या वर असली की उडताना ती स्वतःच्या उष्णतेवर बरीच तग धरते, कारण करंट जातानाच ती तापत असते. गार सुरू केली तर ती तापेपर्यंतची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात धोक्याची आणि नेमकं तेव्हाच सगळे उत्साहात असतात. मी बॅटऱ्या जॅकेटच्या आत, बंडीच्या खिशात ठेवते, उडवायच्या मिनिटाला ड्रोनमध्ये घालते, मग डोक्याएवढ्या उंचीवर मिनिटभर हॉवर, तापमान बघते आणि मगच पुढे. हँड वॉर्मर चालतात पण पायमोज्यात गुंडाळून, बॅटरीला थेट चिकटवून नाही, कारण ते पन्नास-साठ डिग्रीपर्यंत जातात आणि बॅटरीची वरची मर्यादा साधारण चाळीस. आणि हवाबंद पिशवीत टाकले तर विझतात, त्यांच्यातली लोखंडाची पूड हवेवरच गरम होते.

मंगळावरचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर आठवा. एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४ मध्ये ७२ उड्डाणं झाली, रात्री उणे ९० च्या आसपास जायचं, आणि त्याच्या बॅटरीतली बरीचशी ऊर्जा उडण्यात नाही तर रात्री स्वतःला गरम ठेवण्यात खर्च व्हायची. आपल्याकडे निदान बंडी तरी आहे :)

दुसरं म्हणजे ओल. कोरड्या उणे वीसपेक्षा मला शून्य ते उणे दहामधलं धुकं जास्त छळतं. आमच्याकडे समुद्रकाठी हे नेहमीचं. हवेतले थेंब गोठणबिंदूखाली असूनही पाणीच असतात आणि प्रॉपच्या पुढच्या कडेला लागले की क्षणात बर्फ. दोन-चार मिनिटांत पात्याचा आकार बदलतो, आवाज घोगरा होतो, ड्रोन जास्त पॉवर खायला लागतो. स्पिती कोरडं आहे, तिथे हे कमी, पण किन्नौरच्या दरीत ढग उतरला असेल तर उडवू नका. एक सवय लावून घ्या, उतरल्यावर प्रॉपच्या कडेवरून बोट फिरवायचं, खरखरीत लागलं तर त्या दिवशी पॅकअप.

आणि गार ड्रोन तसाच गरम खोलीत आणायचा नाही. बाहेरच झिपवाल्या पिशवीत घालून, हवा काढून बंद करायचा, आत आणून तासभर तरी पिशवी उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर बसतं. स्पितीत लोक ज्या खोलीत बसतात तिथे तंदूर (खोली गरम करायची शेगडी) पेटलेला आणि त्यावर सतत चहाचं नाहीतर थुक्पाचं भांडं उकळत असतं, वाफच वाफ. तिथे उघडा ड्रोन ठेवला की लेन्सच्या आत धुकं आणि सकाळी बाहेर नेला की तेच पाणी गिंबलमध्ये गोठणार.

बुधवारातला_सोल्डर (पुणे)

मावशींना +१. शिंदेसाहेब, फेविक्विक-सोडा दगड होतो हे बरोबर, पण दगड ठिसूळच असतो की. कव्हरला लावा, आर्मला नको. शिवाय फेविक्विक हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, स्पितीच्या कोरड्या थंडीत ते रेंगाळतं. पाच मिनिटवालं एपॉक्सी सुद्धा गारठ्यात अर्धा-पाऊण तास चिकटच राहतं, तंदूरपासून हातभर लांब ठेवून वाळवावं लागतं, फार जवळ नाही, नाहीतर प्लॅस्टिकच वाकायचं.

सोल्डरिंगबद्दल, उघड्यावर विसराच. टोक तापतं पण वाऱ्यात डागाला उष्णता पुरत नाही, ड्राय सोल्डर होतो आणि दिसायला मात्र चांगला दिसतो. खोलीत बसून करायचं तर यूएसबी-सीवर चालणारी गन चालेल, पण पॉवरबँक ६५ वॉटची पीडीवाली (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) पाहिजे, साध्यावर नुसती कोमट होते. काझाला हिवाळ्यात लाइट जाते, असली तरी व्होल्टेजचं खरं नाही, त्यामुळे भिंतीच्या प्लगच्या भरवशावर राहू नका. आणि अंगात फ्लीस, वर लोकर, हवा एकदम कोरडी, स्टॅटिक इतकं साठतं की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. बोर्डाला हात लावायच्या आधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावा आणि फ्लीस काढून बसा.

खरं सांगू का, तिथे जागेवर करण्यासारखं म्हणजे प्रॉप बदलणं आणि स्क्रू घट्ट करणं, बस. त्यातही प्रॉपचे स्क्रू इतके बारीक की बर्फात पडला की गेला, म्हणून टॉवेल पसरून त्यावर करा, स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटवाला, आणि जास्तीचे स्क्रू दोन ठिकाणी ठेवा. एका मोटरवरची दोन्ही पाती एकदमच बदलायची, एक जुनं एक नवं नाही. थंडीत वाकून सरळ झालेलं पातं चांगलं समजू नका, मुळापाशी पांढरी रेघ दिसली की फेकून द्या.

शटर_शिंदे (सातारा)

बरं बाबा, आर्मचं मान्य. व्होल्टेज मात्र मी कधी बघितलं नव्हतं, आज बघतो. पण एक कोणी लिहिलं नाही. किब्बर ४२०० मीटरच्या आसपास आहे. या वजनाच्या बऱ्याच ड्रोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये टेकऑफची कमाल उंची ४००० लिहिलेली असते. मोठी बॅटरी लावली तर ती आणखी खाली येते, आणि २५० ग्रॅमच्या वर जातं ते वेगळंच. काझा ३६५० च्या आसपास, तिथे ठीक. मॅव्हिक ३ किंवा एअर ३ ला ६००० दिलेत. मोठ्या मशीन तर वेगळ्याच, एप्रिल २०२४ मध्ये डीजेआयच्या फ्लायकार्ट ३० ने एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून कॅम्प वनला ऑक्सिजनच्या बाटल्या नेल्या होत्या. पण त्याच्याकडे बघून आपल्या चिमणीने हुरळून जाऊ नये.

बर्फातली_मावशी (औलू, फिनलंड)

शिंदे, हा मुद्दा भारी काढलात, माझ्या डोक्यातच नव्हता, आमच्याकडे सगळं सपाट! त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश घनतेची. तेवढंच वजन धरायला प्रॉप जास्त वेगाने फिरवावे लागतात आणि हॉवरलाच वीसेक टक्के जास्त पॉवर जाते. थंड हवा जरा दाट असते म्हणून थोडं परत मिळतं, पण थोडंच. म्हणजे बॅटरी गार, तिच्याकडे मागणी जास्त, आणि मोटरकडे वाऱ्याशी भांडायला शिल्लक कमी. स्पितीत दुपारी दरीतून वारा सुटतो, त्यामुळे ऊन आल्यावर पण वारा सुटायच्या आधी, नऊ ते अकरा असं काहीतरी धरा. पहाटेच्या निळ्या उजेडाचा मोह मलाही होतो, पण थंडी सगळ्यात जास्त तेव्हाच.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा मागून राहील. रिटर्न टू होमचं (ड्रोन आपोआप परत येण्याचं) टक्क्यांचं सेटिंग वाढवून ठेवा, मी चाळीसला परत फिरते. विंडचिलचे आकडे ड्रोनला लागत नाहीत, उणे दहात तो उणे दहाच्या खाली जाणार नाही, पण वाऱ्यात तिथपर्यंत फार लवकर पोचतो.

ताज्या बर्फावर उतरवताना खालचे सेन्सर गोंधळतात, सगळं पांढरं, त्यांना पकडायला काही खूण नाही. ड्रोन एक तर तरंगत राहतो नाहीतर सरकतो. भडक रंगाचं लँडिंग पॅड किंवा गाडीतला फ्लोअर मॅट टाका, तिथूनच उडवा, म्हणजे प्रॉपच्या वाऱ्याने भुरभुरीत बर्फ उडून मोटरमध्ये जाणार नाही. फोन लावून उडवत असाल तर फोनचंही तेच, बऱ्याच फोनना शून्याच्या खाली चालायचं रेटिंगच नसतं, फोन बंद पडला तर घाबरून रिमोट बंद करू नका, रिटर्नचं बटण रिमोटवर असतंच. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर ठेवा, नाहीतर बर्फ राखाडी येतो.

डोंगरवेडा (जुन्नर)

तांत्रिक सगळं छान चाललंय, पण कावळे, तुम्ही किब्बरला फेब्रुवारीत चाललात म्हणजे हिमबिबट्यासाठीच ना? तो भाग अभयारण्याचा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढूच नका. २५० ग्रॅमच्या आत आहे म्हणून रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. डिजिटल स्कायचा (सरकारच्या ड्रोन वेबसाइटचा) नकाशा जायच्या आधी बघा, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, रेडमध्ये केंद्र सरकारची लागते. आणि किन्नौर-स्पिती म्हणजे पलीकडे तिबेट, लष्कर-आयटीबीपीचा वावर, तिथे 'मला माहीत नव्हतं' चालत नाही.

त्याहून मोठं म्हणजे भरल आणि आयबेक्स, म्हणजे तिथली जंगली मेंढ्या-बकऱ्यांसारखी जनावरं. हिवाळ्यात त्यांना खायला नाही, अंगातली चरबी जपून वापरत दिवस काढतात, कड्यावर उभ्या कळपाच्या डोक्यावर ड्रोन आला की ते उधळतात. तुमची बॅटरी गार पडेल ना पडेल, त्यांची नक्की संपते. माग काढणारे गावातले लोक पहाटेपासून दुर्बीण लावून बसलेले असतात, त्यांचाही दिवस वाया. गरुड, दाढीवालं गिधाड ड्रोनवर येतात ते वेगळंच. गाव, गोंपा (बौद्ध मठ), चिचमचा पूल, हेसुद्धा विचारूनच.

उडता_कावळा (नाशिक)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आर्म मोटरसकट मागवला, पट्टीसुद्धा. गिंबल हाताने फिरवून बघितला, मोकळा आहे, कुठे घासत नाही, म्हणजे सोल्डरदादा म्हणतात तसं पट्टीच. डोंगरवेडा, पटलं. किब्बरला ड्रोन बॅगेतच राहील, तिथे नुसता टेलिलेन्स. उंचीच्या आकड्यामुळे तसंही तिथलं रद्दच होतं. काझा आणि खालच्या गावांत नकाशा बघून आणि विचारून उडवेन.

एकच राहिलं. चार्जिंग. दिवसा गाडीतून चार्ज करत गेलो तर चालेल का? तीन बॅटऱ्या आहेत. आणि नाशिकहून निघतानाच फुल करून नेऊ का?

बुधवारातला_सोल्डर (पुणे)

गाडीत चालेल पण बॅटरी आधी गरम होऊ द्या. शून्याच्या खाली असलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर लिथियम आत नीट शिरत नाही, ॲनोडवर (बॅटरीच्या ऋण टोकावर) धातूचा थर म्हणून जमतो, आणि हे नुकसान परत फिरत नाही. क्षमता तर जातेच, पुढे आतल्या आत शॉर्टही होऊ शकतो. बऱ्याच बॅटऱ्या पाच डिग्रीच्या खाली चार्जिंग घेतच नाहीत, दिवा लुकलुकत राहतो, लोक समजतात चार्जिंग हब बिघडला आणि जबरदस्तीने दुसरा चार्जर लावतात. तसं करू नका. हातात धरून कोमट लागली की लावा. उडवून आल्याबरोबर ती उलट जास्त गरम असते, तेव्हाही दहा-पंधरा मिनिटं थांबा.

नाशिकहून फुल करून नेऊ नका, प्रवासात काही दिवस जाणार, ती स्वतःच हळूहळू उतरवून घेते. साठ टक्क्यांवर न्या, आदल्या रात्री तिथे भरा. विमानाने चंदीगडला जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, टर्मिनलला टेप लावून, चेक-इनमध्ये नाही. आणि चितकुलला जी पडली ती बॅटरी वेगळी खूण करून ठेवा. घरी गरम करून फुल करा, हॉवर करून दोन्ही सेलमधला फरक बघा. एक सेल दुसऱ्यापेक्षा ०.१ व्होल्टने सारखा खाली राहत असेल तर ती स्पितीला नेऊ नका. पोट जरा जरी फुगलेलं दिसलं तर उडवायची पण नाही, चार्जही करायची नाही.

उडता_कावळा (नाशिक)

बघितली. गारच होती म्हणून आधी बंडीत घालून तासभर बसलो, घरच्यांनी विचारलं बरं वाटत नाहीये का. फरक ०.०२ च्या आसपास येतोय, स्टिक दिली तरी वाढत नाही. फुगलेली नाही.

बुधवारातला_सोल्डर (पुणे)

मग बॅटरी सुटली. न्या. आर्म आला की वायरींचा फोटो इथे टाका, गन लावायच्या आधी.